मूल धडा घडाघडा वाचतं, पण त्यातले शब्द कळतात का?

मुलगी भूगोलाचा धडा न अडखळता वाचून दाखवते आणि घरचे निर्धास्त होतात. पण ‘पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय गं?’ असं विचारलं की ती गप्प बसते. वाचता येणं वेगळं आणि वाचलेलं कळणं वेगळं. गोष्टीत एखादा शब्द अडला तरी पुढे निभावतं. माहितीच्या धड्यात एक शब्द अडला की अख्खा परिच्छेद डोक्यावरून जातो.

असा शब्द फोडून सांगावा. पर्जन्य म्हणजे पाऊस, छाया म्हणजे सावली. भिंतीआड ऊन पोचत नाही, तसा डोंगराआड पाऊस कमी पोचतो. ढगांतलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पश्चिम बाजूलाच पडून जातं. म्हणून सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटावला दुष्काळ. एवढं सांगितलं की पाठ करायची गरज उरत नाही. ‘बाष्पीभवन’ही तसंच. भवन म्हटलं की मुलांना इमारत आठवते. इथे भवन म्हणजे होणं, पाण्याची वाफ होणं. दोरीवरचे कपडे वाळतात ते यामुळेच.

खरे फसवे शब्द मात्र ओळखीचे असतात. आपल्याकडे ‘घरात कार्य आहे’ म्हणजे लग्न किंवा पूजा. विज्ञानात बल लावल्यावर वस्तू हलली तरच कार्य झालं. भिंत दिवसभर ढकलून घाम गाळला, पण ती हलली नाही, तर कार्य शून्य! हा फरक आधीच सांगितला नाही तर मूल घरचाच अर्थ धरून बसतं.

वहीत नुसते शब्दार्थ उतरवून काही होत नाही, कारण त्यात एका अवघड शब्दाला दुसरा अवघड शब्द लावलेला असतो. त्यापेक्षा ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावं. मूल अहिराणीत, कोरकूत, घरच्या बोलीत सांगेल. सांगू द्यावं, हसू नये. अर्थ बसला की पुस्तकी शब्द मागून येतो.

सरावाला घरातलाच कागद चालतो. जुलाबावरच्या ओआरएसचं मोठं पाकीट मुलाच्या हातात द्या. पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायचं आणि 24 तासांत वापरायचं, उरलेलं टाकून द्यायचं. मग विचारा: ‘आख्खं पाकीट एका ग्लासात टाकलं तर?’ द्रावण फार खारट होतं आणि लहान बाळाला त्याचा अपाय होऊ शकतो. ‘प्रमाण’ या शब्दाचा अर्थ इथे नीट कळतो.

मोबाइलवर मराठी विश्वकोश मोफत वाचता येतो. त्याची भाषा जड आहे, त्यामुळे नोंद आधी मोठ्यांनी वाचावी, मग मुलाला सांगावी. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात. उद्याचा धडा आदल्या रात्री चाळून त्यातले तीन-चार शब्द हेरून ठेवले तरी पुरे.