मामांचा पगार आणि इटियाडोहचं पाणी

आमच्या अर्जुनी मोरगावात माझ्या लहानपणी ‘फॅक्टरीत लागला’ एवढं म्हटलं की पुरे असे. कोणती फॅक्टरी, असं कुणी विचारत नसे. गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं (गोंदिया वेगळा झाला १९९९ साली) आणि फॅक्टरी म्हणजे जवाहरनगरची आयुध निर्माणी. माझे मामा तिथं होते. महिन्याच्या महिन्याला पगार, क्वार्टर, पुढं पेन्शन. पावसाच्या भरवशावर धान पिकवणाऱ्या आम्हांला त्याचा केवढा हेवा!

ही फॅक्टरी आली १९६४ साली, चिनी आक्रमणानंतर. १९६२ पूर्वी देशाच्या उत्पन्नातल्या शंभर रुपयांपैकी जेमतेम दोन संरक्षणावर जात. युद्धानंतर ते चारच्या घरात गेले. अशा खर्चानं गरीब देश आणखी गरीब होतो, हा आपला सर्वसाधारण समज. पण १९७३ मध्ये एमिल बेनवा या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं ४४ विकसनशील देशांचे आकडे मांडून उलटच सांगितलं. ज्यांचा लष्करी खर्च जास्त, त्यांची वाढही बहुधा जास्त. सैन्य रस्ते बांधतं, माणसांना यंत्रं शिकवतं. पुढं अनेकांनी हे खोडून काढलं. त्या देशांना परदेशी मदत मिळत होती, वाढ तिच्यामुळंही असेल, असं त्यांचं म्हणणं.

मामांच्या पगारातून दोन मुलं शिकली आणि आमच्या शेतात विहीर झाली. तेव्हा बेनवाला खोटं कसं म्हणू?

पण बारूद एकदा उडाली की संपली. सत्तरच्या सुमारास आमच्याच तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं. त्याचं पाणी पार वडसा-आरमोरीकडे जातं आणि वर्षानुवर्षं धान देतं. त्या धरणाजवळच, गोठणगावला, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथली म्हातारी माणसं पाहिली, की देशाला पहारा नको असं म्हणायची माझी तरी छाती होत नाही.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरला स्फोट झाला. आठ कामगार गेले. माझा भाचा आयटीआय झालेला, फॅक्टरीत भरती निघायची वाट पाहणारा. त्या रात्री बहिणीनं विचारलं, “भाऊ, जाऊ देऊ का त्याला?”

आमच्या तीन एकरांत दोन भावांचे संसार. मी भाच्याकडे पाहिलं. तो गुपचूप जेवत होता.

पुढं भरती निघाली तेव्हा त्याचा अर्ज मीच भरून दिला.