कळंबच्या पेस्ट्रीत खवा का नको?

कळंबसारख्या तालुक्याच्या गावीही आता वाढदिवसाला पेस्ट्री लागते. धंद्याला हे चांगलेच. पण तिच्यावरची मलई पुष्कळदा वनस्पती तेलाची, बाहेरगावाहून आलेली असते. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किलोभर खव्यासाठी म्हशीचे सुमारे पाच लिटर दूध आटवावे लागते आणि उन्हाळ्यात तो लवकर खराब होतो. म्हणून भट्टीवाल्याला मिळेल त्या भावाने माल काढावा लागतो. गल्लीतल्या हॉटेलाचे रोजचे गिऱ्हाईक मिळाले तर ही घाई टळेल. रात्रीच्या जेवणाला ज्वारीच्या कडक भाकरीवर उस्मानाबादी बोकडाचा खिमा, वर खव्याची पेस्ट्री! आम्ही तरी हे ताट मागवू. हॉटेलमालकांनी आधी रविवारपुरते दहा-बारा नग करून पाहावेत. उरलेल्या खव्याचे गुलाबजाम खपतातच.