चित्र विकले जाते, कथेचे काय?

कुडाळजवळचे पिंगुळी गाव राऊळ महाराजांच्या मठामुळे पुष्कळांना ठाऊक असते. तिथल्या ठाकर आदिवासींची चित्रकथी मात्र थोड्यांनीच पाहिलेली असते. ‘पाहिलेली’ असे आपण म्हणतो खरे, पण चित्रकथी ही नुसती पाहायची वस्तू नव्हे.

रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची कागदावरची चित्रे क्रमाने लावलेली असतात. त्या संचाला पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एकेक पान समोर धरतो, वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर प्रसंग गातो, समजावतो आणि पान उलटतो. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, तरी पांडवांचा वनवास तिला तोंडपाठ आहे, तो ऐकूनच. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते, त्यांच्यासाठी अशी पोथी होती.

पूर्वी या कलेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. देवळांतून कथा होत. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढे करमणुकीची दुसरी साधने आली आणि ऐकणारे उठून गेले. अशा काळात परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडले. पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या तिथे जपलेल्या आहेत. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात उद्योजक म्हटला की कारखानाच येतो. मला हा गोठा आठवतो.

खरा पेच पुढेच आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवणच्या वाटेवरच्या पाहुण्याला वेळ कमी असतो. तो एखादे सुटे चित्र घेतो आणि दिवाणखान्यात लावतो. त्यातला वीर कोणावर बाण सोडतो आहे, आधी काय घडले, हे त्या भिंतीला कोण सांगणार? म्हणून चित्रे विकूच नयेत, असे म्हणणे पोटभरल्या माणसाचे झाले. नवी चित्रे काढून विकली तर घर चालते, नव्या पिढीच्या हातात कुंचलाही राहतो. गाण्याचे मात्र तसे नाही. ते घडीत बांधून नेता येत नाही. ऐकणारा समोर बसला तरच टिकते. तेव्हा पैसे आधी कथेचे द्यावेत, चित्र नंतर घ्यावे, असे मला वाटते.

गोव्याला जाणारी आपली सहल महामार्गाने कुडाळवरूनच जाते. मानधन आधी ठरवून तिथे एक आख्यान अखेरपर्यंत ऐकावे, अशी विनंती मी मराठी विभागाकडे केली आहे. वर्गणी थोडी वाढेल.