बंड्या, दूधवाला आणि फाटकाची कडी

आजचा भाग जरा घरचाच आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय, मधले 'म्हणजे ना' तेवढे गाळलेत.

बंड्या आमचा गावठी कुत्रा, चार वर्षांचा. वाशिंदला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमचं भाड्याचं घर. गेल्या पावसाळ्यानंतर तो रात्री आणि पहाटे इतका भुंकायला लागला की शेजारच्या काकूंनी मला दारात गाठलं. "अगं, यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही." त्या भांडल्या असत्या तर मीही भांडले असते. त्या भांडल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी घरमालकांचा फोन: "ताई, महिनाभर बघा, नाहीतर कुत्र्याची दुसरीकडे सोय करा."

भुंकतो एवढ्या कारणावरून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. भावाने तो कागद लगेच मोबाईलवर पाठवलाही. पण त्या कागदाने काकांना झोप लागणार नव्हती. मी तो कुणाला दाखवला नाही.

तोपर्यंत माझा एकच उपाय चालू होता: "ए बंड्या, गप!" आता कळतं की हे उलटंच होतं. त्याच्या दृष्टीने तो भुंकतोय आणि घरातली बाईपण खिडकीतून भुंकतेय. साथ मिळाल्यावर कोण थांबेल?

मग मी वही घातली. आठवडाभर लिहायचं: किती वाजता, आधी काय झालं, किती वेळ, कशाने थांबला. माझी खात्री होती की कसारा लोकलला भुंकतो. वहीत निघालं भलतंच. गाड्या दिवसभर जातात, हा कान हलवून झोपतो. अकरा नोंदींपैकी नऊ वेळा आधी एकच गोष्ट झाली होती, फाटकाची कडी वाजली होती. त्यातही बहुतेकदा पहाटेचा दूधवाला.

आता त्याच्या डोक्याने बघा. दूधवाला येतो, बंड्या भुंकतो, दूधवाला निघून जातो. आपल्याला माहितीये तो दूध ठेवून जातोय. बंड्याच्या हिशोबात त्याने एका माणसाला हाकललं. रोज पहाटे सामना, रोज विजय! अशी सवय आपोआप सुटत नाही, पक्की होत जाते.

म्हणून कडीचा अर्थच बदलायचा. मी कडीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला. अगदी बारीक आवाजात लावायचा आणि लगेच उकडलेल्या अंड्याचा इवलासा तुकडा द्यायचा. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर तो नुसता खातो, शिकत काही नाही. पावलोव्हने रशियात शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलं तेच हे, आवाजामागून खाणं येतं हे कळलं की नुसत्या आवाजाने लाळ सुटते. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वर. मध्येच भुंकला तर समजायचं आपण घाई केली, एक घर खाली.

इथे मी फसले. मोबाईलवर मोठ्याने वाजवलं तरी गप्प बसणारा बंड्या खऱ्या कडीला पुन्हा उसळला. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. लोखंडावर लोखंड घासल्याचे ते बारीक उंच सूर मोबाईलमध्ये येतच नाहीत. त्याच्यासाठी ती कडी वेगळीच होती. मग भावाला फाटकाशी उभं केलं, बंड्याला मागच्या खोलीत, आणि तिथून पुन्हा सुरुवात. शेवटी दूधवाल्या दादांनाच अंड्याचा तुकडा देऊन ठेवला. ते आधी हसले, मग रोज विसरता टाकायला लागले... म्हणजे न विसरता!

राहिल्या दोन नोंदी. दोन्ही मध्यरात्रीच्या, मागच्या शेताकडे तोंड करून. आपल्याकडे तानसाचं जंगल लांब नाही, आणि अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघालाय. ते भुंकणं मोडायचं नव्हतंच. आम्ही त्याला पडवीतून उचलून रात्री घरात घेतलं. प्रश्न एका रात्रीत मिटला, आणि हे आधी का सुचलं नाही याची लाज वाटली.

खाऊसाठी, लक्ष द्या म्हणून भुंकणारा कुत्रा असेल तर लक्षच द्यायचं नाही. पण थांबण्याआधी तो काही दिवस जास्त भुंकतो, आणि नेमकं तेव्हाच आपण कंटाळून बिस्कीट देतो. मग तो शिकतो की बराच वेळ भुंकलं की मिळतं. म्हातारा कुत्रा अचानक भुंकायला लागला तर आधी पशुवैद्याकडे न्या, दुखणं असू शकतं, कान गेलेले असू शकतात.

झटका देणारा पट्टा घेऊ का, असं दोघांनी विचारलंय. नका घेऊ. दूधवाला आला की वेदना होते एवढंच तो शिकेल. भुंकणं ही सूचना असते. भीती तशीच ठेवून सूचना काढून घेतली तर कुत्रा न भुंकता चावतो.

महिना पुरला नाही. सहा आठवडे लागले. वरचे दोन आठवडे घरमालकांकडून काकूंनी मागून घेतले. परवा पहाटे कडी वाजली, बंड्या एकदाच भुंकला आणि अंड्याच्या डब्यापाशी जाऊन बसला. मी काकूंना विचारलं, काकांना जाग आली का? म्हणाल्या, "एकदा भुंकू दे गं. दूध आलं ते कळतं."