पेरूची आगगाडी : अँडीजमधले तुटक रूळ

पेरूच्या नकाशावर रेल्वेमार्ग शोधायला गेले तर सुटे तुकडे हाती लागतात. एक लिमाहून पूर्वेकडे अँडीज चढून जातो. दुसरा दक्षिणेला आरेकिपा, पुनो आणि कुस्को या शहरांना जोडतो. तिसरा कुस्कोहून माचू पिच्चूच्या पायथ्याशी उतरतो. पहिल्याचा इतर दोघांशी काही संबंध नाही. दुसरा आणि तिसरा कुस्को शहरात येतात खरे, पण वेगवेगळ्या स्थानकांवर, आणि त्यांचे गेजही वेगळे : दक्षिणेच्या मार्गाचे १,४३५ मिलिमीटर, तर माचू पिच्चूच्या मार्गाचे ९१४ मिलिमीटर. त्यामुळे लिमाला गाडीत बसून माचू पिच्चूला उतरायचे, असा बेत इथे जमत नाही. लिमा ते कुस्को विमानाने किंवा बसने जावे लागते. रेल्वेचा विचार त्यानंतर.

ही तुटकता रेल्वेच्या जन्मापासूनची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेरूच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरील ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत, युरोपात सोन्याच्या भावाने विकले जात होते. त्या उत्पन्नाच्या भरवशावर मोठी कर्जे काढून रेल्वे बांधायला घेतली गेली. डोंगरातले खनिज आणि लोकर बंदरापर्यंत आणणे हा तिचा मुख्य उद्देश होता; प्रवासी त्या हिशेबात दुय्यम. म्हणून प्रत्येक मार्ग आपापल्या बंदराकडून आपापल्या डोंगरात गेला, आणि ते एकमेकांना जोडण्याची निकड कुणालाच वाटली नाही. पुढे ग्वानो संपत आले, १८७९ साली चिलीशी युद्ध जुंपले आणि देश कर्जात बुडाला. १८९०मध्ये लंडनच्या धनकोंनी स्थापलेल्या पेरूव्हियन कॉर्पोरेशनच्या हाती रेल्वे गेली. १९७२मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९९मध्ये ती पुन्हा खासगी कंपन्यांना चालवायला दिली गेली. आजही लिमाच्या आणि दक्षिणेच्या मार्गांवरची खरी कमाई मालगाडीची आहे.

माचू पिच्चूचा मार्ग याला अपवाद. तिथे गाडी ही चैन नसून गरज आहे. माचू पिच्चूच्या अवशेषांच्या खाली वसलेल्या आग्वास कालिएन्तेस या गावापर्यंत मोटार जाईल असा रस्ताच नाही. बहुतेक पर्यटक कुस्कोहून बसने किंवा टॅक्सीने ओयान्तायताम्बोला येतात आणि तिथून गाडी पकडतात. ओयान्तायताम्बो ते आग्वास कालिएन्तेस हे अंतर जेमतेम ४३ किलोमीटर, पण गाडी त्याला दीड तासाहून जास्त वेळ घेते. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, ओयान्तायताम्बो २,७९० मीटरच्या आसपास आणि आग्वास कालिएन्तेस २,०४० मीटरवर. म्हणजे माचू पिच्चूला निघालेला प्रवासी डोंगर चढत नाही, उतरत असतो. उरुबांबा नदी जाताना डाव्या हाताला राहते, म्हणून डावीकडची खिडकी मिळाली तर बरे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना निवडुंग, उघडे खडक आणि पलीकडे बर्फाची शिखरे दिसतात. तासाभरात दरी आवळत जाते, हवा दमट होते, झाडांच्या फांद्यांवर शेवाळ आणि बांडगुळांसारखे वाढलेले ब्रोमेलिआड वनस्पतींचे झुबके लटकू लागतात. कोरड्या डोंगराचे मेघारण्यात होणारे हे रूपांतर एवढ्या थोड्या अंतरात पाहायला मिळते, हे या प्रवासाचे खरे आकर्षण.

या एकाच रुळावरून पेरूरेल आणि इंका रेल या दोन कंपन्या गाड्या चालवतात. पेरूरेलची एक्स्पिडिशन ही त्यातली साधी गाडी. व्हिस्टाडोमला छतापर्यंत काचा आहेत, आणि परतीच्या वेळी डब्यात मुखवटे घालून नाच होतो, अल्पाकाच्या लोकरीचे कपडे घालून दाखवण्याचा कार्यक्रमही होतो. दिवसभर पायऱ्या चढून-उतरून आलेल्या माणसाला तो हवाच असतो असे नाही. हायरम बिंगहॅम ही सर्वांत महागडी, जेवणाखाण्यासह असलेली गाडी. १९११मध्ये माचू पिच्चू जगासमोर आणणाऱ्या अमेरिकी संशोधकाचे नाव तिला दिले आहे. इंका रेलकडेही साध्यापासून पहिल्या वर्गापर्यंत श्रेणी आहेत. खिडकीबाहेरची दरी सगळ्यांना सारखीच दिसते, तेव्हा हौस नसेल तर साध्या गाडीने काही बिघडत नाही. स्थानिकांसाठी स्वस्त दराची वेगळी गाडी असते, पण परदेशी पर्यटकाला तिचे तिकीट मिळत नाही.

वर्षातला काही काळ कुस्कोच्या सान पेद्रो स्थानकातूनही गाड्या सुटतात. शहर खोलगट जागी असल्याने गाडीला आधी कड चढून बाहेर पडावे लागते, आणि ती झिगझॅग चढते : थोडे पुढे, मग सांधा बदलून उलट्या दिशेने मागे, पुन्हा पुढे. भोर घाटात खंडाळ्याजवळ १९२०च्या दशकाच्या अखेरपर्यंत गाडीची दिशा अशीच उलटवली जात असे. जानेवारी ते एप्रिल या पावसाळी महिन्यांत मात्र दरडींच्या भीतीने कुस्को ते ओयान्तायताम्बो हा टप्पा बसनेच पार करतात. पावसाचा धोका पुस्तकी नाही. जानेवारी २०१०मध्ये उरुबांबाच्या पुराने रूळ वाहून गेले, हजारो पर्यटक अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. जानेवारी २०२३मध्ये राजकीय आंदोलनामुळेही गाड्या थांबल्या होत्या. परतीचे विमान आणि माचू पिच्चू यांच्यामध्ये एखादा मोकळा दिवस ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. तिकिटावर पासपोर्टचा क्रमांक असतो आणि चढताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. सोबत लहान पिशवीच नेता येते; मोठी बॅग कुस्को किंवा ओयान्तायताम्बोच्या हॉटेलात ठेवून जायचे, ही तिथली सर्रास पद्धत.

पैसे वाचवणारे किंवा पायांवर भरवसा असणारे आणखी एका वाटेने येतात. माचू पिच्चूच्या पलीकडच्या अंगाला इद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्रापर्यंत मोटाररस्ता आहे. तिथून रुळांच्या कडेकडेने साधारण १० किलोमीटर चालले की आग्वास कालिएन्तेस येते. पूर्वी रूळ याच्याही पुढे किल्याबांबाकडे जात होते; १९९८च्या महापुराने आणि दरडींनी तो भाग कायमचा बंद पाडला.

कुस्को ते पुनो हा दक्षिणेचा टप्पा अगदी वेगळ्या स्वभावाचा. पेरूरेलच्या टिटिकाका गाडीला त्यासाठी सुमारे साडेदहा तास लागतात. बस याहून बरीच लवकर आणि कितीतरी स्वस्तात पोचते, त्यामुळे पोचण्यासाठी या गाडीत कुणी बसत नाही. दिवसभर खिडकीत बसून अल्तिप्लानो हे उंच पठार पाहणे हाच तिचा हेतू. वाटेत ४,३०० मीटरच्या वर असलेल्या ला राया खिंडीत ती थोडा वेळ थांबते. आसपासच्या वस्त्यांतल्या बायका तिथे लोकरीचे कपडे विकायला बसलेल्या असतात. त्यानंतर हुलियाका येते आणि गाडी भर बाजारात शिरते. रुळांच्या दोन्ही बाजूंना, आणि चक्क रुळांच्या मध्येही, दुकाने मांडलेली असतात. भोंगा वाजला की ताडपत्र्या ओढून घेतल्या जातात आणि डबे मालाला जवळजवळ घासत पुढे सरकतात. रुळांमध्ये सपाट मांडलेली पुस्तके आणि सुटे भाग मात्र तसेच राहतात. गाडी त्यांच्यावरून निघून जाते.

याच मार्गावर २०१७पासून बेलमंड अँडियन एक्सप्लोरर ही झोपण्याची सोय असलेली आलिशान गाडी धावते. कुस्को, पुनो आणि आरेकिपा अशी तिची सफर असते. तिचे डबे मुळात ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट साउथ पॅसिफिक एक्सप्रेसचे. पुनो ते आरेकिपा हा तुकडा रेल्वेने पाहायचा असेल तर हीच गाडी उरते, कारण तिथे साधी प्रवासी गाडी चालत नाही.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत थरारक मार्ग लिमा ते उआंकायो हा. अमेरिकी कंत्राटदार हेन्री मेग्ज आणि पोलिश अभियंता अर्नेस्ट मालिनोव्स्की यांनी १८७०मध्ये त्याचे काम सुरू केले. समुद्रसपाटीवरून निघालेली गाडी सुमारे १७० किलोमीटरमध्ये ४,७८० मीटरच्या आसपास असलेल्या गालेरा बोगद्यापर्यंत चढते, तीही दातेरी रुळाची मदत न घेता. साठाहून अधिक बोगदे, पन्नासाहून अधिक पूल आणि झिगझॅग यांच्या बळावर. २००६मध्ये तिबेटची रेल्वे सुरू होईपर्यंत जगातला सर्वांत उंच रेल्वेमार्ग हाच होता. मेग्ज १८७७मध्ये वारला, मग युद्ध आले, आणि रूळ उआंकायोला पोचायला १९०८ साल उजाडले.

बांधकामाची किंमत मजुरांनी मोजली. पेरू आणि चिलीचे मजूर होतेच, चीनमधूनही आणले होते. दऱ्यांमध्ये तापाची साथ पसरली आणि हजारो माणसे दगावली. या तापाचा आणि अंगावर चामखिळींसारखे फोड येणाऱ्या स्थानिक रोगाचा काही संबंध आहे का, हे पाहण्यासाठी १८८५मध्ये दानिएल कारिओन या वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्णाच्या फोडातले रक्त स्वतःला टोचून घेतले. त्याला ताप आला आणि त्यातच तो गेला, पण दोन्ही एकच रोग असल्याचे सिद्ध झाले. वाळूमाशीच्या चावण्यातून तो पसरतो, हे नंतर कळले. या मार्गावरच्या एका प्रसिद्ध पुलाला आज कारिओनचेच नाव आहे.

या मार्गावर पर्यटकांची गाडी रोज नसते. वर्षातल्या मोजक्याच तारखांना ती लिमाच्या देसांपारादोस स्थानकातून सुटत आली आहे, आणि मधली काही वर्षे बंदही राहिली आहे. तारखा पाहूनच विमानाचे तिकीट काढावे. एका दिवसात किनाऱ्यावरून एवढ्या उंचीवर जायचे म्हटल्यावर अनेकांचे डोके दुखते, मळमळते. पेरूत याला सोरोचे म्हणतात. गाडीत ऑक्सिजनची सोय ठेवतात. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेले बरे. कुस्कोला विमानाने थेट उतरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. ते उतरल्या दिवशीच खाली ओयान्तायताम्बोकडे गेले, तर पहिली रात्र सुखाची जाते.

उरलेले दोन मार्ग हौशी प्रवाशांचे. उआंकायोहून उआंकावेलिकाला जाणारी गाडी त्रेन माचो या नावाने ओळखली जाते. ती मनात येईल तेव्हा सुटते आणि जमेल तेव्हा पोचते, असे तिच्याबद्दल गमतीने म्हणतात. दुसरा मार्ग दक्षिण टोकाच्या ताक्नाहून चिलीतल्या आरिकाला जातो. १८५६मध्ये तो सुरू झाला तेव्हा दोन्ही गावे पेरूची होती. चिलीशी झालेल्या युद्धानंतर ती चिलीकडे गेली; १९२९च्या तहाने ताक्ना पेरूला परत मिळाले आणि आरिका चिलीकडे राहिले. त्याच तहामुळे आरिकातले या रेल्वेचे स्थानक पेरूच्या वाट्याला आले. गाडी वरचेवर बंद पडत आल्याने तिच्या भरवशावर बेत आखता येत नाही. सीमा ओलांडणारे लोक वाटून घेतलेल्या टॅक्सीने किंवा बसनेच जातात.