गाडी हलण्यापूर्वी

मोटार चालविणे म्हणजे गाडी पुढे नेणे, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मते ही विद्या गाडी उभी असतानाच सुरू होते. नांदेड-लातूरकडे शिकाऊ परवाना घेणाऱ्यांत काहींच्या घरी मोटार आलेली असते, तर काहींना जीप अथवा टेंपो चालवून पोट भरायचे असते. आमचे सांगणे दोघांनाही आहे; दुसऱ्यांना थोडे अधिक.

प्रथम गाडीभोवती एक फेरी मारावी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीच्या सावलीला कुत्री येऊन निजतात, लहान मुलेही मागे खेळत असतात. चालकाच्या जागेवरून ती दिसत नाहीत. गाडीखाली तेलकट डाग दिसला तर कारण कळेपर्यंत निघू नये. मग टायर पाहावेत. हवा टायर थंड असताना मोजावी, कारण चालून तापल्यावर दाब वाढतो आणि आकडा फसवितो. किती हवा हवी ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. हवा कमी असली की टायरच्या बाजू सारख्या दुमडतात, त्यातून उष्णता वाढते आणि मे महिन्याच्या तापल्या डांबरावर तोच टायर फुटतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की तो बदलावा. नक्षीतूनच पावसाचे पाणी बाजूला जाते.

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून, तेल पट्टीने पाहावे. ब्रेकचे तेल डब्यावरील दोन खुणांच्या मध्ये असावे. ते उतरले असेल तर एक तर ब्रेक झिजले आहेत किंवा कोठे गळती आहे. वरून तेल ओतणे ही दुरुस्ती नव्हे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये.

आत बसल्यावर आधी आसन, मग आरसे, मग पट्टा, हा क्रम ठेवावा. आसन मागाहून सरकविले की आरसे पुन्हा लावावे लागतात. पायाशी पाण्याची बाटली लोळत ठेवू नये, ती ब्रेकखाली अडकते. हातब्रेक ओढलेला व गिअर न्यूट्रलमध्ये आहे हे पाहून इंजिन सुरू करावे. ब्रेक दाबून धरावा. तो हळूहळू खाली जात राहिला तर गाडी जागची हलवू नये. ब्रेकचा दिवा लागतो की नाही, हे मागे कोणाला तरी उभे करून पाहावे. उसाच्या हंगामात लोहा-अहमदपूर रस्त्याने रात्री जाताना मागे दिवा नसलेली ट्रॉली समोर येते. तेव्हा पुसलेली काच आणि धड दिवे हेच आपले डोळे.

पट्टा मागे बसणाऱ्यांनीही बांधावा. ३ जून २०१४ रोजी मराठवाड्याचे नेते गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत मोटार-अपघातात निधन झाले. ते मागच्या आसनावर होते. मागची जागा निर्धोक, हा समज सोडून द्यावा.

शिकाऊ गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्यावर तांबडा ‘एल्’ असावा आणि शेजारी परवानाधारक शिकविणारा. चालकानेही स्वतःला तपासावे: झोप झाली आहे काय, नशा नाही ना?

आता मुख्य गोष्ट. पगारी चालकाला दोष दिसतो, पण मालक म्हणतो, ‘चल रे, उशीर होतोय.’ नोकरी जाईल या धास्तीने तो निघतो. येथे कायदा ठाऊक असावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाप्रमाणे धोकादायक दोष असलेली गाडी जाणून-बुजून चालविणारा तर गुन्हेगार ठरतोच. ती चालवू देणाराही ठरतो. म्हणून दोष दिसताच मालकाला सांगावा, शक्य तर लिहून द्यावा आणि गाडी काढण्यास नकार द्यावा. एकट्याचा नकार दुबळा पडतो, दहा जणांचा पडत नाही. संघटना त्यासाठीच असते.

तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात. ती वाचवून आपण लवकर पोहोचतो असे नाही. आणि ब्रेक न लागलेल्या गाडीसमोर येतो तो बहुधा पायी चालणारा, सायकलवाला, ऊसतोडीचा मजूर. त्याने तर गाडी तपासण्याची संधीही कधी मागितलेली नसते. त्याच्या वतीने ती आपण तपासायची आहे.