लेकाला हवाय २४० हर्ट्झचा मॉनिटर



आपला आरोग्याचा कार्यक्रम चालू होता आणि मध्येच एका ताईंचा फोन आला. प्रश्न आरोग्याचा नव्हता, मॉनिटरचा होता. त्यांचा मुलगा बारावीत आहे. घरी जुना घेतलेला संगणक आहे, त्यावर तो गेम खेळतो. आता त्याला २४० हर्ट्झचा मॉनिटर हवाय, बावीस हजारांचा. ताई शिवणकाम करतात, या महिन्यात त्यांची भिशी लागली होती आणि तेच पैसे तो मागत होता. वडील म्हणत होते, एक रुपया द्यायचा नाही. मुलगा म्हणत होता, मॉनिटर जुना आहे म्हणून मी हरतो. ताई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही ना, म्हणून दोघंही मला काहीही सांगतात."

हे वाक्य आम्हाला लागलं. कारण तेव्हा आम्हालाही काही कळत नव्हतं. मग आम्ही विचारत फिरलो, तालुक्याच्या दुकानात जाऊन बसलो, ज्यांची मुलं खेळतात त्या घरी जाऊन पाहिलं. ते सगळं आज सांगतो.

लहानपणी वहीच्या कोपऱ्यात माणूस काढायचो आपण. प्रत्येक पानावर त्याचा पाय थोडा पुढे. मग अंगठ्याने पानं भरभर सोडली की माणूस चालायला लागायचा. सिनेमा म्हणजे तेच. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याचं रोप उगवतानाचा छोटा चित्रपट केला होता. थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतलं आणि सगळी एकापाठोपाठ एक दाखवली. चित्रं स्थिर असतात, हालचाल आपल्या डोळ्यांना भासते.

संगणकाचा पडदाही असाच भरभर चित्र बदलत असतो. सेकंदाला किती वेळा बदलतो, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. विजेच्या मीटरवर ५० हर्ट्झ लिहिलेलं असतं, शब्द तोच, ‘सेकंदाला इतक्या वेळा’ एवढाच त्याचा अर्थ. ऑफिसातला साधा मॉनिटर ६० वेळा बदलतो. गेमिंगचा म्हणून विकतात तो १४४, १६५, १८० वेळा. त्याच्या वरचे २४० आणि ३६०. पानं जितकी जास्त, तितकी वहीतल्या माणसाची चाल गुळगुळीत.

आता मुद्द्याची गोष्ट. पानं उलटण्याचं काम मॉनिटरचं, पण पानांवर चित्रं काढण्याचं काम त्याचं नाही. ते संगणकाच्या आतल्या ग्राफिक्स कार्डाचं आणि प्रोसेसरचं. आतलं यंत्र सेकंदाला ५५ चित्रं काढत असेल, तर २४० वेळा बदलणारा पडदा काय करणार? तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! दुकानात हे आपणहून कुणी सांगत नाही. आम्ही गेलो तेव्हा आम्हालाही पहिल्या अर्ध्या तासात मॉनिटरच दाखवले. घरी संगणक कोणता आहे, हे विचारलंच नाही.

मग फरक दिसतो तरी का? आम्ही तिघींनी दुकानातच परीक्षा घेतली. दुकानातल्या मुलाला सांगितलं, एकाच मॉनिटरवर कधी ६० लाव, कधी १४४ लाव, आणि आम्हाला सांगू नकोस. दोघींनी लगेच ओळखलं. माऊसचा बाण गोल गोल फिरवला की ६० वर तो तुटक तुटक दिसतो, १४४ वर त्याची रेघ भरीव होते. तिसरीला आधी काही कळलं नाही, बाण फिरवून पाहिल्यावर कळलं. मग त्याने दुसऱ्या मॉनिटरवर १४४ आणि २४० लावून दाखवलं, तेव्हा आम्ही तिघीही अंदाजाने बोलत होतो. दुकानातला मुलगा रोज खेळणारा, त्याने मात्र ओळखलं. म्हणजे फरक खोटा नाही, पण तो कुणाला आणि कशासाठी हवाय हे पाहावं लागतं.

काही जण सांगतात, माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ च्या वर चित्रं दिसतच नाहीत, सिनेमा नाही का २४ वर चालत? हे ऐकायला पटतं, पण खरं नाही. सिनेमात पळणारा माणूस कॅमेऱ्यात पुसट उमटतो, त्यामुळे हालचाल जोडल्यासारखी वाटते. शिवाय आपण नुसतं बसून बघत असतो. गेममध्ये हात आपला चालू असतो. माऊस हलवला आणि पडदा मागून आला, की ते हाताला लगेच जाणवतं. तेव्हा मुलाला "तुला काय फरक कळणार" असं म्हणू नका. तिथे तोच बरोबर असतो, आणि मग आपलं पुढचं बोलणंही तो ऐकत नाही.

थोडा हिशेब करू. सेकंदाचे हजार भाग केले, तर ६० हर्ट्झला एक चित्र पडद्यावर साधारण १७ भाग टिकतं. १४४ ला ७ भाग. म्हणजे नवीन चित्र यायला १० भाग कमी लागले. २४० ला ४ भाग, म्हणजे आणखी तीनच भाग वाचले. ३६० वर गेलात तर त्यातून जेमतेम दीड भाग. पैसे चढत जातात आणि हाती लागतं ते घटत जातं. आणि शेजारी हेही ठेवून पाहा: समोर काही दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला असे साधारण २०० भाग लागतात. इंटरनेटवरून निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मुलं त्याला पिंग म्हणतात, तो आपल्याकडच्या लाइनवर कधी ३० असतो तर पावसात कधी २००. पिंग असा उड्या मारत असेल, तर हरण्याचं खापर मॉनिटरवर फोडता येत नाही.

आता आमच्यातल्याच एकीच्या घरची गोष्ट, तिच्या परवानगीने. तिच्या लेकाने मागच्या दिवाळीत १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. आठ महिने तो सगळ्यांना सांगत होता, काय भारी चालतो, जुन्यावर परत जाणं शक्यच नाही. या कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही त्याची सेटिंग उघडून पाहिली, तर पडदा ६० वर चालू होता! आठ महिने. मुलगा एवढासा झाला. आम्ही हसलो, पण दोष त्याचा एकट्याचा नाही. नवीन मॉनिटर जोडला तरी विंडोज पुष्कळदा ६० वरच ठेवतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात डिस्प्ले, त्यात अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट म्हणून आकडा असतो, तो हाताने बदलावा लागतो. तुमच्या घरी असा मॉनिटर आधीच असेल तर आजच पाहा.

केबलचंही तसंच. जुनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल लावली तर या मॉनिटरचा उपयोग नाही. जुन्या एचडीएमआय जोडणीतूनही पुरा वेग मिळेलच असं नाही. डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर ती लावावी. आणि ती संगणकाच्या मागे कुठे खुपसली आहे तेही बघा. ग्राफिक्स कार्डाची खाच वेगळी असते आणि मदरबोर्डची वेगळी. मदरबोर्डच्या खाचेत केबल लावून, कार्ड असूनही नसल्यासारखं वापरणारे पुष्कळ आहेत.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१ एमएस’ लिहिलेलं असतं. ठिपका एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला किती वेळ घेतो, त्याचा तो आकडा. तो सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला असतो, साडीच्या जाहिरातीतल्या साडीसारखा. त्यापेक्षा पॅनेल कोणतं ते विचारा. आयपीएस असेल तर रंग चांगले आणि बाजूने बसूनही चित्र नीट दिसतं, घरात सगळ्यांना वापरायला ते बरं. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद असतो, पण स्वस्तातल्या व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे काळपट शेपूट दिसते. वेग विकत घ्यायचा आणि वर ती शेपूट घ्यायची, यात अर्थ नाही. फ्रीसिंक किंवा जी-सिंक आहे का, हेही विचारा. यात कार्डाचं चित्र तयार होईल तेव्हाच पडदा बदलतो, म्हणून चित्र मधून फाटल्यासारखं दिसत नाही. ज्याचं यंत्र कधी ७०, कधी ११० चित्रं काढतं, त्याला २४० च्या आकड्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

"याने डोळ्यांना त्रास कमी होतो ना?" हा प्रश्न आम्हाला तीन आयांनी विचारला, मुलांनी तसं सांगितलं म्हणून. पडद्यावरची अक्षरं सरकताना गुळगुळीत दिसतात, ते काहींना सुखाचं वाटतं, एवढं खरं. पण डोळे चुरचुरतात ते बहुतेक पडद्याकडे टक लावताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून, आणि तासन्‌तास उठत नाही म्हणून. २४० हर्ट्झवर पाच तास बसलेल्या मुलाचे डोळे दुखायचे ते दुखणारच. डोळ्यांच्या नावावर हा खर्च करू नका.

आता आमचं मत. संगणक फक्त अभ्यास, टॅली, टायपिंग, यूट्यूब यासाठी असेल तर साधा मॉनिटर पुरे. हल्ली साध्यातही ७५ किंवा १०० हर्ट्झ मिळतात, सात-आठ हजारांच्या आसपास. मुलगा बीजीएमआय खेळत असेल तर तो मोबाइलचा गेम, त्याला मॉनिटर कशाला? गोष्टीचे, गाड्यांचे, घरं बांधायचे गेम ६० वरही छान चालतात. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असे भराभर नेम धरायचे गेम तो संगणकावर नियमाने खेळत असेल, आणि यंत्र त्या गेममध्ये सेकंदाला शंभराच्या वर चित्रं काढत असेल, तर १४४ ते १८० हर्ट्झचा मॉनिटर घेण्यासारखा आहे. दहा-तेरा हजारांत चोवीस इंची मिळतो, आणि तो पुढे आठ-दहा वर्षं घरात दुसऱ्या कामालाही येतो. २४० च्या वर मात्र आमच्या मते तुमच्या-आमच्या घरात जाऊच नये. जो स्पर्धांमध्ये उतरतो आणि ज्याचं यंत्र तेवढी चित्रं काढतं, त्याची गोष्ट वेगळी.

हे सगळं शिकून झाल्यावर आम्ही त्या ताईंकडे गेलो. मुलगा आधी जरा फुगूनच बसला होता. त्याला वाटलं, आईने फौज आणली. आम्ही त्याला म्हटलं, खेळून दाखव, आणि कोपऱ्यात चित्रांचा आकडा दिसतो तो चालू कर. त्याने चालू केला. आकडा ५० ते ६५. धावपळ सुरू झाली की ४० वर यायचा. त्याचा आताचा ६० हर्ट्झचा मॉनिटरसुद्धा पुरता भरत नव्हता. तो आकड्याकडे बघत राहिला. मग त्यानेच गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या आणि झाडंझुडपं कमी केली, आकडा ८५ वर गेला. "मावशी, जरा बरं चाललंय की," म्हणाला. मागची दोन वर्षं साचलेली धूळ त्याने दुसऱ्या दिवशी ब्रशने काढली आणि आम्हाला फोटो पाठवला. आतला पंखा दिसतच नव्हता.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. मुलगा आता मॉनिटर नको म्हणतोय, आणि घरात आठ दिवसांनी सगळे एकत्र जेवले. आम्ही खूश झालो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता तो म्हणतोय, आधी ग्राफिक्स कार्ड घेऊ. ते केवढ्याला पडतं?"